पिकअपमध्ये बसलेला माणूस म्हणजे माल नाही
(मेळाव्यात झालेले बोलणे)



दाव्यांचं बोलायचं आहेच. पण आधी आपण इथं आलो कसे ते बोलू. सुरगाण्याकडून, पेठकडून, हरसूलकडून आलेले निम्मे लोक अजून पाय चोळत बसलेत. आम्ही पण त्यातलेच.

जुनी पिकअप सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं ड्रायव्हरजवळ दोघांची जागा, तिथं तिघं कोंबलेले. मधल्याच्या मांड्यांत गिअरचा दांडा. सीट मागं सरकत नाही, गुडघे समोरच्या पत्र्याला. आणि मागं हौद्यात तर सीटच नाही. द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडकडं जाताना तिथं पंचवीस-तीस माणसं, भांडी, तांदळाची गाठोडी, लेकरं. गुडघे छातीशी धरून सावळघाट चढायचा. पाय पसरले तर दुसऱ्याच्या पोटात.

ही गाडी मालासाठी बनवलेली. मागचे पाटे कडक असतात, टनभर ओझं पेलावं म्हणून. टमाट्याचे क्रेट गप बसतात, माणसाच्या मणक्याला मात्र प्रत्येक खड्डा कळतो. मागच्या चाकाच्या पाठीमागं, फाळक्याजवळ, हादरा सगळ्यात जास्त. आणि नेमकं तिथंच शेवटी चढणाऱ्या म्हातारीला बसवतो आपण! पोटुशी बाई, म्हातारी माणसं केबिनला पाठ लावून बसली पाहिजेत, खाली पोती किंवा पेंढा टाकून. तरण्यांनी उभं राहू नये. वजन वर गेलं की वळणावर गाडी कलंडते.

आता खरी गोष्ट. दाव्याच्या सुनावणीला आम्ही असेच गेलो होतो. संगं एक म्हातारे बाबा, शेजाऱ्याच्या दाव्याचे साक्षीदार. १३ डिसेंबर २००५ च्या कितीतरी आधीपासून ती जमीन कोण कसतंय, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. गाडी थांबली, पण बाबांचे पाय बधिर. उभंच राहता येईना. आम्ही त्यांना फाळक्याला टेकवून पाय चोळतोय, तोवर आत पुकारा होऊन गेला. शेजाऱ्याला पुढची तारीख. त्या दिवसाची मजुरी बुडाली, भाडं गेलं ते वेगळंच.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. मग तो गावातच का लिहून घेऊ नये? वनहक्क समितीनं पाड्यावर बसावं, बाबांच्या ओट्यावर बसावं, जबाब लिहावा, अंगठा घ्यावा, ग्रामसभेच्या कागदात लावावा. ज्यांना चालवत नाही त्यांना हौद्यात घालून नेऊ नये.

अजून एक. मालगाडीत फुकट बसवलेला माणूस मेला, तर विमा कंपनीवर भरपाईची जबाबदारी येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २००० नंतरच्या निकालांत सांगितलंय. कामाला नेणाऱ्या मालकाकडं भरपाई मागता येते, पण तो प्रवास त्याच्या कामासाठीच होता हे दाखवावं लागतं. म्हणून गाडीचा नंबर आणि कोण-कोण चढलं त्यांची नावं वहीत लिहून वही गावात ठेवा. उचल घ्यायच्या आधीच मुकादमाला विचारा, किती माणसांना किती गाड्या? एकानं विचारलं तर तो हसेल. सगळ्या पाड्यानं विचारलं तर दुसरी खेप करेल.

मार्च २०१८ मध्ये आपण नाशिकहून मुंबईला चालत गेलो, १८० किलोमीटर. तेव्हा पायाला फोड आले, पण पाय आपल्या ताब्यात होते.

आज परतताना दोन खेपा होतील. पहिल्या खेपेत म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या. बाकीचे थांबा, दाव्यांचे कागद तोवर बघून घेऊ.