चित्रपटांतील प्रेम आणि त्याचे धोके

चित्रपट पाहून माणूस शहाणा होतो असें मानणाऱ्यांपैकीं मी नाहीं. उभा जन्म खडू आणि फळा यांच्या संगतींत गेला. चित्रगृहांत जाणें ही आम्हां मास्तरांना चैनच वाटे. तरीही दोन चित्रपटांनीं मला एका प्रश्नापाशीं आणून उभें केलें. प्रेमाला धोका असतो हें सारेच सांगतात. पण तो येतो कोठून?

पहिला चित्रपट 'प्रभात'चा 'माणूस', सन १९३९. दिग्दर्शक व्ही. शांताराम. गणपत हा साधा पोलीस शिपाई. छाप्याच्या रात्रीं मैना नांवाच्या वेश्येला तो वांचवितो आणि पुढें तिच्यावर त्याचा जीव जडतो. तिच्या जिवावर जगणारा एक नातलग तिचा वैरी आहे खरा, आणि अखेर तिच्याच हातून त्याचा खून होऊन ती तुरुंगांत जाते. परंतु त्याच्याही आधीं, गणपत तिला आपल्या भाविक आईच्या घरीं नेतो, तेव्हांच तिचा धीर सुटतो. बाहेरच्या जगानें जो शिक्का मारला तो तिनें स्वतःच खरा मानला आहे. १९३५ सालच्या 'देवदास'चा नायक दारूंत बुडून मरतो. गणपत मरत नाहीं. मला तें अधिक कठीण वाटतें.

दुसरा चित्रपट नागराज मंजुळे यांचा 'सैराट', सन २०१६. आर्ची ही बड्या पाटलाची मुलगी, परश्या मासेमारी करणाऱ्या घरांतला. पूर्वार्धांतल्या गाण्यांवर तरुण मंडळी चित्रगृहांत नाचलीं. त्याविषयीं मी काय बोलावें? माझें मन गुंतलें तें हैदराबादच्या झोपडींत. तेथें पाटलाच्या लेकीला उकिरड्याशेजारीं राहावें लागतें, परश्या संशय घेतो, हात उगारतो, ती रागानें आगगाडींत बसते आणि परत येते. प्रेमांतली खरी गुंतागुंत ती ही, आणि ती दोघांनीं आपली आपण सोडविली. संसार लागला, मूल झालें. मग माहेरचीं माणसें भेटीस येतात. हातांत आईनें पाठविलेल्या भेटी असतात. आर्ची त्यांच्यासाठीं चहा करते. पुढें शेजारणीबरोबर बाहेर गेलेलें तें मूल घरीं परततें आणि पडद्यावरचा सारा आवाज थांबतो.

श्रोतेहो, त्या चहापाशीं मी थबकलों, त्याचें कारण सांगतों. नोकरींतल्या पहिल्या वर्षांची गोष्ट. सातवींतल्या एका मुलीच्या वहींत मला चिठ्ठी सांपडली, वर्गांतल्याच एका मुलाची. गणिताची वही परत मागितली होती, आणि खालीं एक ओळ अधिक होती. दोघांना जवळ बोलावून चार शब्द सांगतां आले असते. मीं ती चिठ्ठी संध्याकाळीं मुलीच्या वडिलांच्या हातीं दिली. त्यांनीं माझे आभार मानले आणि आंत चहा ठेवावयास सांगितला. तो घेऊन मुलगीच बाहेर आली.

दुसऱ्या दिवसापासून ती शाळेंत दिसली नाहीं. त्याच उन्हाळ्यांत तिचें लग्न झाल्याचें कळलें. हजेरीपटावरून तिचें नांव मींच कमी केलें.