वरची आच, खालची आच
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण चिटणीसबाई म्हणाल्या, ओव्हन नसताना घरी पदार्थ कसे भाजावेत तेवढे सांगा. ते सांगायचे तर आमच्या घरची हकीकत मध्ये येणारच. सासूबाई पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच सांगते आहे, बरे का!

माझे वडील मिरजेस एका बेकरीत भट्टीवर कामाला होते. लाकडाची भट्टी म्हणजे विटांचा घुमट. आत लाकडे पेटवून विटा चांगल्या तापवायच्या, निखारे बाजूला सारायचे आणि मग त्या तापलेल्या विटांवर माल भाजायचा. आधी पाव, कारण त्याला कडक आच लागते; भट्टी निवत आली की नानकटाई आणि टोस्ट. खालचा तळ आणि वरचा घुमट दोन्हीकडून आच मिळते, म्हणून जिन्नस वरून लाल होतो. तव्यावर ते होत नाही.

2003 साली माझे लग्न होऊन मी रत्नागिरीस आले. लग्न आमचे आम्हीच ठरवलेले. जात निराळी, आणि त्यातून मुलगी भट्टीवाल्याची. मामंजी माझ्याशी बोलत नसत. "तिला सांग" असे मुलाकडून सांगत. सासूबाई बोलत, पण कामापुरते. भाज्या निवडणे, नारळ खवणे माझ्याकडे. शेगडीपाशी त्या स्वतः. माझ्या आईवडिलांना तर या घरचे बोलावणेच नव्हते. पहिल्या दिवाळीत माहेरून नानकटाईचा डबा आला. नानकटाईत अंडे मुळीच नसते. तूप, पिठीसाखर, मैदा, थोडे बेसन आणि वेलची, एवढेच. पण बेकरीचे म्हणजे अंड्याचे अशी घरात समजूत होती. डबा न उघडताच कामवालीच्या घरी गेला. त्याचे मला फार वाईट वाटले. अजूनही वाटते, ते का लपवू?

पुढल्या भाद्रपदात गावाहून जून तवसे आले आणि सासूबाईंनी धोंडस केले. घाटावरून आलेल्या भगिनींसाठी सांगते, तवशाचा कीस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे यांचे हे गोड. ब्लॉकमध्ये राहायला आल्यापासून घरात चूल नव्हती, म्हणून त्या ते कुकरात वाफवत. मामंजींनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "हे उकडलेले आहे. आमची आई करायची ते धोंडस वेगळे." सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनाही का ते ठाऊक नव्हते!

दुपारी मी विचारले, "आई, पूर्वी कसे करत असत?" त्या म्हणाल्या, "चुलीवर पातेले ठेवायचे. खाली थोडे निखारे, वर झाकणावर निखारे. वरून कसे लाल व्हायचे!" मी म्हटले, "म्हणजे भट्टीच की!" त्या म्हणाल्या, "भट्टी कसली? आमच्यात धोंडस असेच भाजतात." 'भाजतात' हा शब्द त्यांचाच. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "तुला येईल का करता?"

अर्धे तवसे उरले होते. बिया काढून किसले. कीस दोन वाट्या, भाजलेला तांदळाचा रवा एक वाटी, गूळ पाऊण वाटी, खोबरे अर्धी वाटी, वेलची आणि चिमूटभर मीठ. तवशाला पाणी सुटते, वेगळे घालावे लागत नाही. कीस आणि गूळ उकळून त्यात रवा, खोबरे घालायचे आणि घट्ट होईतो शिजवून तूप लावलेल्या डब्यात थापायचे. हे सगळे सासूबाईंनी केले. प्रमाण त्यांचे, हात त्यांचा. आच तेवढी माझी.

ती अशी. जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन बोटे कोरडी वाळू घालून झाकण ठेवून दहा मिनिटे तापवली. वाळूवर कडे ठेवून त्यावर डबा ठेवला. दुसऱ्या शेगडीवर लोखंडी तवा खूप तापवला आणि झाकणाच्या जागी तोच ठेवला. तवा निवला की उतरवायचा, पुन्हा तापवून ठेवायचा. खालची आच मंदच हवी, नाहीतर गूळ करपतो. पाऊण तास लागला. हाताला चटके बसू नयेत म्हणून जाड फडके घ्यावे. पदराने तवा धरू नये.

डबा निवू दिला, मग वड्या कापल्या. गरम कापले की मोडते. मामंजींनी एक वडी खाल्ली, मग दुसरी. सासूबाई म्हणाल्या, "सुनेने भाजले." ते काही बोलले नाहीत. रात्री निजायच्या आधी मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि मलाच म्हणाले, "एखादी उरली आहे का ग?"

एका वडीने सगळे झाले असे कोणी समजू नका. त्यांना वर्ष लागले. पण शेगडी माझ्याकडे आली, आणि त्या दिवाळीची नानकटाई आमच्याच घरच्या तुपात, त्याच वाळूवर, सासूबाईंच्या समोर झाली. 2005 च्या गणपतीला मामंजींनी स्वतः फोन करून माझ्या आईवडिलांना बोलावले. माझे वडील संकोचून खुर्चीच्या कडेवर बसले होते. मामंजींनी धोंडसाची बशी त्यांच्या हातात दिली आणि विचारले, "काय हो, भट्टी पुरेशी तापली हे तुम्ही ओळखता कसे?" वडील म्हणाले, "मूठभर पीठ तळावर टाकायचे आणि रंग पाहायचा. लगेच काळे झाले तर थांबायचे." मामंजी म्हणाले, "आमची आई झाकणावर पाण्याचे थेंब शिंपडून पाहत असे." मग पीठ बरे की पाणी बरे यावर दोघांचे असे काही जुंपले की आरतीला दोघांनाही हाका माराव्या लागल्या.