शेजाऱ्यासाठी राखलेला वाटा

(सुगीच्या उपकारस्तुतीनंतर झालेल्या सहाय्यकांच्या मेळाव्यातील भाषण)



आज सकाळी उपासनेत तुम्ही वेदीपुढे भाताच्या लोंब्या, नारळ, भोपळे आणि तांदळाच्या पिशव्या आणून ठेवल्या. त्या पाहताना देवाच्या नावाला धन्यवाद दिला. पाड्यांवरच्या धान्य बँकांचा अहवाल द्यावा असे मला सांगण्यात आले आहे. तो मी देईनच, पण त्याआधी मला तुमच्यापुढे एक कबुली द्यायची आहे. कारण त्या बँकांतले धान्य तुमच्या दानातून आलेले आहे.

काही वर्षांपूर्वीचा जुलै महिना. जव्हारच्या पुढे, आमचे काम चालते त्या भागात आवणी चालली होती. तीन दिवस पाऊस थांबला नाही. ओहोळावरची फरशी पाण्याखाली गेली आणि पलीकडच्या पाड्यांचा तालुक्याशी संबंध तुटला. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. त्यातच वरच्या पाड्यावर धान्य बँकेच्या खोलीची भिंत खचली आणि पोती भिजली. भिजलेल्या भाताला दोन दिवसांत मोड येतात, वास सुटतो. आषाढात तसेही घरात काही शिल्लक नसते. जुनी नागली संपलेली असते, नवे पीक अजून शेतात असते. अशा दिवसांसाठीच तर आपण बँक काढली होती.

तिथून चालत अर्ध्या तासावर खालचा पाडा आहे. मध्ये ओहोळ नाही, वाट मोकळी होती. तिथेही आपली बँक होती आणि कोठ्या भरलेल्या होत्या. पण दाराला दोन कुलुपे होती. एकाची किल्ली समितीकडे, दुसऱ्याची माझ्याकडे, आणि मी फरशीच्या अलीकडे, तालुक्याला. नियम असा होता की धान्य त्याच पाड्याच्या सभासदाला द्यायचे, तेही कार्यालयाची सही झाल्यावर. हा नियम मीच लिहिला होता. हिशेबात घोळ होऊ नये, देणगीदारांना एकेका किलोचा जाब देता यावा, हा माझा हेतू होता.

चार दिवस कोणी कुलूप तोडले नाही. आपली माणसे प्रामाणिक आहेत. वरच्या पाड्याने रानातले कंद उकडून खाल्ले. खालच्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या आजींनी घरची कणगी उघडली आणि मिळेल त्याला ओंजळ ओंजळ नागली दिली. पाणी ओसरल्यावर मी पोहोचले तेव्हा एका बाळंतिणीला आणि तिच्या तान्ह्या बाळाला झोळीत घालून दवाखान्यात न्यावे लागले. प्रभूच्या कृपेने दोघेही वाचली. आजी मला एवढेच म्हणाल्या, "ताई, माझे कणगीला कुलूप नाय. तुमचे बँकेला दोन हायेत."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

हा दोष फक्त माझ्या नियमाचा असता तर तुमचा वेळ घेतला नसता. पण पुढे मी या विषयावर वाचत गेले, तेव्हा दिसले की देशादेशांच्या पातळीवरही हेच घडत आले आहे.

आपल्या दक्षिण आशियाचेच पाहा. सार्क देशांनी मिळून संकटकाळासाठी अन्नाचा राखीव साठा ठरवला. तो करार १९८८ साली अंमलात आला. सुरुवातीला साठा दोन लाख टनांचा होता. हा साठा कुठल्या एका कोठारात नव्हता. प्रत्येक देशाने आपल्याच गोदामातला ठरलेला हिस्सा शेजाऱ्यांसाठी बाजूला धरायचा होता. कल्पना उत्तम होती. या भागात चक्रीवादळे येतात, पूर येतात, दुष्काळ पडतो, आणि ते सीमारेषा पाहून येत नाहीत. तरीही जवळजवळ दोन दशके तो साठा कागदावरच राहिला. गरज पडली तर मागायचे कोणाकडे, किंमत कोण ठरवणार, वाहतूक कोणी करायची, हे त्या वेळी बोलून ठरवायचे होते. ज्याच्या घरात पाणी शिरले आहे त्याने दारोदार जाऊन भाव ठरवत बसायचे, असा तो प्रकार होता.

मग एप्रिल २००७ मध्ये नवी दिल्लीच्या शिखर परिषदेत सार्क अन्न बँकेच्या करारावर सह्या झाल्या. त्यात तुटवडा कशाला म्हणायचे तेही लिहिले गेले: आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा उत्पादन आठ टक्क्यांनी घटले तर मागणी करता येईल. पण त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला सिद्र चक्रीवादळ बांगलादेशच्या किनाऱ्यावर आदळले. तीन हजारांहून अधिक माणसे गेली, उभे भात आडवे झाले. करार होऊन सात महिने झाले होते, पण बँक अजून कामाला लागलेली नव्हती. भारताने मदतसामग्री पाठवली आणि पाच लाख टन तांदूळ विकत देण्याचेही कबूल केले. मात्र त्या वेळी आपल्याकडे साध्या तांदळाच्या निर्यातीवर निर्बंध होते, बाजारभाव चढत होते, आणि किमतीच्या बोलण्यांत महिने गेले.

मी इथे कोणाला दोष द्यायला उभी नाही. ज्या बाईने स्वतःच दोन कुलुपे लावली तिने तो देऊही नये. मला एवढेच सांगायचे आहे की धान्य होते, द्यायची इच्छाही होती, पण दार उघडण्याची रीत आधी ठरलेली नव्हती.

पुढे सार्क बँकेचा साठा दुप्पट करून ४,८६,००० टन ठरवला गेला. त्यात भारताचा वाटा ३,०६,४०० टन. पाकिस्तान आणि बांगलादेश यांचे प्रत्येकी ८०,००० टन. आणि भूतानचा वाटा ३६० टन, मालदीवचा ४०० टन. हे शेवटचे दोन आकडे मला फार आवडतात. लहान देश फक्त हात पसरून उभा राहिला नाही, त्यानेही आपली पायली टाकली. ज्याने वाटा टाकला त्याला मागताना मान खाली घालावी लागत नाही. आपल्या पाड्यावरही हेच आहे.

पण आकड्यांनी हुरळून जाऊ नये. या आठ देशांत आज जवळजवळ दोनशे कोटी माणसे राहतात. भागाकार केला तर माणशी पाव किलो धान्य येते, म्हणजे एक-दोन वेळचे जेवण. तेव्हा असा साठा सर्वांना वर्षभर जगवण्यासाठी नसतोच. ज्या तुकड्यावर संकट कोसळले तिथे, बाकीची मदत पोहोचेपर्यंतचे पहिले दिवस निभावण्यासाठी तो असतो. म्हणून त्यात धान्य किती यापेक्षा ते किती लवकर निघते हे महत्त्वाचे.

हे ओळखून काही ठिकाणी वेगळी रचना केली गेली. आग्नेय आशियातील आसियानचे दहा देश आणि चीन, जपान, दक्षिण कोरिया या तेरा देशांनी २०११ मध्ये तांदळाच्या राखीव साठ्याचा करार केला. तो २०१२ मध्ये अंमलात आला आणि त्याचे कार्यालय बँकॉकला आहे. एकूण ७,८७,००० टनांचा शब्द दिला गेला: चीन तीन लाख, जपान अडीच लाख, कोरिया दीड लाख आणि आसियान देश मिळून ८७,००० टन. यातला बहुतेक तांदूळ ज्याच्या त्याच्या गोदामातच असतो. पण थोडा भाग देणगी म्हणून मिळवून, वादळ-पूर येणाऱ्या देशात आधीच नेऊन ठेवता येतो. त्याची किंमत संकटाच्या दिवशी ठरवायची नसते, कारण तो दान दिलेला असतो. संकट आले नाही तर तो कुजवत ठेवत नाहीत, गरिबांच्या पोषणासाठी वाटतात. २०१३ च्या हैयान वादळानंतर फिलिपीन्सला या व्यवस्थेतून तांदूळ मिळाला होता.

पश्चिम आफ्रिकेतील देशांनीही २०१३ साली आपला प्रादेशिक साठा उभा करण्याचे ठरवले. त्यांनी बचावाच्या तीन फळ्या मानल्या आहेत. पहिली गावातली कोठारे, दुसरी देशाचा साठा, तिसरी सर्व देशांचा मिळून साठा. पहिली फळी गावाची! आपल्याकडे केंद्र सरकारने १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्राम धान्य बँकेची योजना काढली, तिच्यातही हाच विचार होता. कुटुंबामागे एक क्विंटल धान्य, साधारण चाळीस कुटुंबांची एक बँक, आणि पीक आल्यावर परतफेड. सभागृहात बसलेल्या ज्येष्ठांना १९७२ चा दुष्काळ आठवत असेल, ती सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो आठवत असेल. ते धान्य समुद्र ओलांडून आले आणि त्याने माणसे जगवली. पण जहाज येईपर्यंत चूल पेटती ठेवते ती शेजारची कणगीच.

पवित्र शास्त्राचा विचार केला तर हे आपल्याला नवे नाही. योसेफाने सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा साठवला, आणि तो नगरानगरांत, त्या त्या नगराभोवतालच्या शेतांचा त्याच नगरात साठवला. धान्य माणसांजवळ राहिले. दुष्काळ पडला तेव्हा कोठारे उघडण्याचा अधिकार कोणाकडे आहे हे सर्वांना ठाऊक होते. आणि कोठारे उघडल्यावर कनान देशाहून आलेल्या परक्यांनाही धान्य मिळाले. प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाची मंडळी आहे. अगबाने मोठ्या दुष्काळाची सूचना दिली तेव्हा त्या शिष्यांनी प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे मदत ठरवली आणि बर्णबा व शौल यांच्या हाती यहूदीयातील वडिलांकडे पोहोचवली. कोण देणार, कोणाच्या हाती पाठवणार, तिथे कोण घेणार, सगळे ठरलेले. प्रीती होती म्हणून त्यांनी व्यवस्था ढिली ठेवली नाही. मी मात्र व्यवस्था केली आणि तिच्यात प्रीतीला जागा ठेवायला विसरले.

आता अहवाल. त्या पावसाळ्यानंतर आम्ही चार पाड्यांच्या समित्यांना एकत्र बसवले. दोन बैठका वादात गेल्या. खालच्या पाड्याचे म्हणणे, "आम्ही काटकसर करून कोठी भरायची आणि त्यांनी न्यायची काय?" हा प्रश्न खोटा नव्हता. शेवटी त्या आजीच उठून बोलल्या आणि तिसऱ्या बैठकीत ठराव झाला. त्यातल्या गोष्टी साध्या आहेत.

प्रत्येक बँकेतला पाचवा वाटा शेजारच्या पाड्यांसाठी राखायचा. तो वेगळ्या कोठीत, उंच ओट्यावर ठेवायचा. किल्ली त्याच पाड्यातल्या दोन बायांकडे, कार्यालयाकडे नाही. फरशी बुडाली, घर पडले, आग लागली किंवा धान्य भिजले, तर त्या दोघींनी कोणाला न विचारता कोठी उघडायची. आधी द्यायचे, मग लिहायचे. वहीत अंगठा घ्यायचा आणि वाट मोकळी झाली की कार्यालयाला कळवायचे. सुगीनंतर ज्या पाड्याने नेले त्याने तेवढेच परत भरायचे, संकटातल्या धान्यावर वाढी घ्यायची नाही. आणि संकट न आल्यास नवे भात आत येण्याआधी जुने धान्य खावटी म्हणून वाटून टाकायचे, म्हणजे कीड लागत नाही.

पहिल्या वर्षी मला धाकधूक होती. हिशेब जुळेल का, तुम्हाला काय उत्तर देऊ? गेल्या पावसाळ्यात फरशी पुन्हा बुडाली. कोठी त्याच संध्याकाळी उघडली. मला ते तीन दिवसांनी कळले. सुगीनंतर धान्य परत आले. एका घरचे आले नाही, कारण घरधनी आजारी होता. ते शेजाऱ्यांनी आपसांत भरले. वहीत तसे लिहिलेले आहे. वही मी बरोबर आणली आहे, चहाच्या वेळी अवश्य पाहा.

आता तुमच्याकडे मागणे. पलीकडच्या आणखी पाड्यांनी या ठरावात येण्याची इच्छा दाखवली आहे. त्यांना पत्र्याच्या कोठ्या हव्या आहेत आणि पहिली भरणी हवी आहे. ही भरणी सुगीत, भात स्वस्त असताना आणि वाट कोरडी असताना झाली पाहिजे. जुलैत पूर आल्याची बातमी वाचून तुमचे मन कळवळते आणि तुम्ही पैसे पाठवता. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण जुलैतला पैसा फरशीच्या अलीकडेच अडकतो. तेच दान आज दिलेत तर ते पावसाआधी पलीकडे पोहोचलेले असेल.

दुसरे मागणे कठीण आहे. दान देताना आमच्यावर आणि त्या दोन बायांवर विश्वास ठेवा. हिशेब आम्ही देऊ, पूर्ण देऊ, पण तो दिल्यानंतर देऊ. तिसरे, ज्यांच्याकडे किल्ल्या आहेत त्या बहिणींसाठी प्रार्थना करा. कोठी कधी उघडायची हे पावसात, अंधारात त्यांनाच ठरवायचे असते.

आज वेदीपुढचे धान्य घरी जाईल तेव्हा त्यातला थोडा वाटा बाजूला काढा. पाचवाच हवा असे नाही. ज्याला जेवढे जमेल तेवढे.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.