निकालाचा पत्ता
(रापणकार व कूळ बांधवांपुढील भाषण)

वकील ‘नजीर आहे’ म्हणाला की नुसती मान डोलावू नका. साल आणि पान विचारा. ‘ए.आय.आर. १९९४ एस.सी. ७२१’ हा काही मंत्र नव्हे. ऑल इंडिया रिपोर्टर (ग्रंथ आपल्या नागपूरचाच हो!), साल १९९४, सुप्रीम कोर्ट विभाग, पान ७२१. केरळ सरकारने पर्ससीन जाळ्यांवर घातलेली बंदी तेथे कोर्टाने उचलून धरली आहे, लहान मच्छीमाराच्या पोटाचा विचार करून. रापणकारांनी तो निकाल वाचून घ्यावाच. मात्र तो केरळच्या १९८० च्या कायद्यावर आहे. आपलाही कायदा १९८० चाच. दोन्हींची कलमे शेजारी ठेवून ताडून पाहा. कुळांनी आधी पाहावे, निकाल १९७६ च्या दुरुस्तीपूर्वीचा की नंतरचा. पुढे वरच्या कोर्टाने तो फिरवला काय, हेही विचारा. सुप्रीम कोर्टाचे निकाल आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. शिकलेल्या पोरांना त्या कामाला बसवा.