मोठ्या बाबांच्या खिशात कोणतं यंत्र?

"वडिलांना दिसत नाही, त्यांच्यासाठी जीपीएसचं कोणतं यंत्र घेऊ?" हा प्रश्न मला सारखा येतो. मी बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि आमच्या घरात एक अंध माणूस आहे, म्हणून लोकांना वाटतं मी एक नाव सांगेन आणि ते ऑर्डर टाकतील. नाव सांगतो, पण थोडं थांबा. उदाहरण आमच्याच गावाचं घेऊ. आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. चौरास भागातलं धानाचं गाव.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. काचबिंदूनं त्यांची नजर पन्नाशीत गेली. घर, चौक, पिठाची चक्की, बसथांबा ही वाट ते पांढऱ्या काठीवर एकटे चालतात. पुण्यातल्या चुलतभावानं मला पैसे पाठवले आणि म्हणाला, त्यांना काहीतरी जीपीएसवालं घेऊन दे. त्याच्या डोक्यात होतं ते गळ्यात अडकवायचं, सिमकार्डवालं यंत्र. मोठे बाबा कुठे आहेत ते त्याला पुण्यात बसून दिसणार. मोठ्या बाबांना समजावून सांगितलं, तर ते म्हणाले, "बाबू, मी कुठं आहो हे त्याले कळन. मले कोन सांगन?"

खरेदीच्या आधी हेच विचारायचं: माहिती कोणाला मिळणार? घरच्यांना की चालणाऱ्याला? जीपीएस या एकाच नावाखाली दोन्ही वस्तू विकल्या जातात. घरच्यांची काळजी खोटी नसते. पण माग काढणारं यंत्र अंध माणसाला एक शब्द सांगत नाही, आणि पुष्कळ घरांत ते आलं की "आता एकटे कशाला जाता" हेही मागोमाग येतं.

आता जीपीएसकडून अपेक्षा काय ठेवायची? मे २००० पर्यंत अमेरिका सर्वसामान्यांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून देत होती, तेव्हा चूक १०० मीटरपर्यंत जायची. आज मोकळ्या आभाळाखाली फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा सांगतो. गाडीवाल्याला तेवढं पुरतं. पण आमची गल्लीच ३ मीटरची! तुम्ही गल्लीत आहात की शेजाऱ्याच्या अंगणात, हे उपग्रहाला सांगता येत नाही. शिवाय माणूस उभा असेल तर नुसत्या जीपीएसला त्याचं तोंड कुठे आहे तेही कळत नाही, चार पावलं चालल्यावर कळतं. म्हणजे पायाखालची नाली शोधणं हे काठीचंच काम. जीपीएसचं काम "चक्की आली, आता थांबा पुढे" एवढं सांगण्याचं. कोणी विकणारा म्हणाला की याच्यामुळे काठी लागणार नाही, तर तिथून उठा.

काठीलाच जोड हवी असेल तर आयआयटी दिल्लीत तयार झालेली स्मार्टकेन बघा. २०१४ साली ती बाजारात आली. घडीच्या काठीच्या मुठीवर बसवायचं यंत्र आहे. वटवाघळासारखा न ऐकू येणारा आवाज सोडतं आणि गुडघ्याच्या वर, डोक्यापर्यंत काही आडवं आलं की मूठ थरथरते. पल्ला दोन प्रकारे लावता येतो: जवळचा साधारण १.८ मीटर, लांबचा ३ मीटर. उभी ट्रॉली, बैलगाडीची दांडी, लोंबती फांदी, म्हणजे काठीचं टोक जे चुकवतं ते ही पकडते. खड्डा मात्र ती सांगत नाही, तो टोकानंच शोधायचा. आमच्याकडे सगळ्यात आधी हीच घेतली. विकत घेण्याआधी केंद्राच्या ॲडिप योजनेची शिबिरं कधी आहेत ते जिल्ह्याला विचारा, आणि यूडीआयडी कार्ड काढून ठेवा.

मग वाटेचं यंत्र. बटणांची स्वतंत्र यंत्रं मिळतात, कॅनडाच्या ह्युमनवेअरचं व्हिक्टर रीडर ट्रेक त्यातलं नामांकित. हातमोजे घालूनही चालावीत अशी बटणं, पुस्तकंही वाचतं. ज्याची बोटं काचेच्या पडद्यावर बिलकुल बसत नाहीत त्यानं याचा विचार करावा. पण विचारा: आमच्या तालुक्याचा नकाशा त्यात किती आहे? मराठीत बोलतं का? बिघडलं तर पाठवायचं कुठे? आमच्यासाठी उत्तर फोन निघालं. साधा ॲन्ड्रॉइड, टॉकबॅक चालू, मराठी आवाज आधीच उतरवून ठेवलेला, म्हणजे नेट गेलं तरी बोलणं थांबत नाही. त्यावर ऑस्मअँड हे ॲप, नकाशाही फोनमध्येच.

अडचण अशी की त्या नकाशात आमचं गाव म्हणजे दोन रेषा होत्या. हा ओपनस्ट्रीटमॅप कोणालाही भरता येतो, २००४ पासून लोकच भरतायत. एका रविवारी मी आणि मोठे बाबा वाट चालत निघालो. मी म्हणायचो, "इथे शाळा." ते म्हणायचे, "राहू दे, पुढं चाल." त्यांच्या खुणा वेगळ्याच. सिमेंटचा रस्ता संपून पायाखाली मुरूम लागतो ती जागा. चक्कीचा आवाज डावीकडून उजवीकडे जातो ती जागा. चिंचेची सावली. नालीचं झाकण नाही ती जागा. हे कुठल्या नकाशात असणार! शाळा, हातपंप, थांबा मी सार्वजनिक नकाशात टाकले, आणि त्यांच्या खुणा त्यांच्याच शब्दांत ॲपच्या आवडत्या ठिकाणांत. १५ मीटरपेक्षा जवळ दोन खुणा ठेवल्या नाहीत, नाहीतर जीपीएस गोंधळतं.

या खुणांची फाइल बाहेर काढून दुसरीकडे ठेवा, हे इंजिनियर म्हणून कळकळीनं सांगतो. मायक्रोसॉफ्टचं साउंडस्केप हे अंधांसाठीचं फार चांगलं ॲप होतं, आयफोनवर. कंपनीनं जानेवारी २०२३ मध्ये ते ॲप स्टोअरवरून काढलं. कोड खुला केला म्हणून इतरांना ते पुढे नेता आलं. एवढी मोठी कंपनी हात काढून घेते, तर वर्षभरापूर्वी आलेल्या ॲपचा काय भरवसा? खुणा तुमच्या ताब्यात असल्या की ॲप बदलता येतं.

सगळ्यात उपयोग कुठे झाला म्हणाल तर एसटीत. मला हे सुचलंच नव्हतं. पवनीहून येताना मोठे बाबा थांब्याची खूण लावून बसतात, अंतर कमी होत जातं, आणि ते शेजारच्याला न विचारता उठून दाराशी येतात. मोठी आई म्हणते, आता दोन दोनदा पवनीला जातात, काम असो नसो.

कानात दोन्ही बोंडं घालू देऊ नका. बॅटरीवरची रिक्षा आवाज न करता येते, ती कानानंच ओळखायची असते. फोन शर्टाच्या वरच्या खिशात, स्पीकर बाहेर.

शेताची वाट अजून जमलेली नाही. रोवणीच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर एक फूट इकडे तिकडे म्हणजे चिखल, तिथे ५ मीटरचं जीपीएस काय करणार? तिथे ते माझ्या चुलतबहिणीच्या खांद्यावर हात ठेवून जातात. आणि पुण्याच्या भावाचं? लोकेशन पाठवायचं बटण मोठ्या बाबांनी स्वतः शिकून घेतलंय. थांब्यावर पोचले की दाबतात, मनात आलं तर.

तुमच्या गावची वाट नकाशात भरायची असेल तर कळवा, कशी भरायची ते पुढच्या भागात पायरी पायरीनं सांगतो. भेटू.