शिंप्याची जुनी कातर

शिंपीकाम थांबलें तरी वडिलांची मोठी कातर जपणारीं घरें नांदगांवांत, मनमाडांत अजून सांपडतील. मीरतची कातर तर प्रसिद्धच. भंगारांतल्या पोलादाची ती घडण. २०१३ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें. तिला पुनःपुन्हां धार लावतां येते; पण दारीं आलेला धारवाला ती चाकावर कशी धरतो, इकडे कोणी पाहत नाहीं. तेथेंच घात होतो.

कातरीचीं पातीं आंतून किंचित् खोलगट असतात. म्हणून मिटतांना तीं एकाच बिंदूंत भेटतात, आणि तो बिंदु टोंकाकडे सरकत जातो. ही आंतली बाजू घासून सपाट केली कीं कापड कापलें न जातां पात्यांमध्यें दुमडतें. जाणता शिकलगार बाहेरचा उतारच तेवढा घासतो आणि मधल्या खिळ्याची पकड जुळवितो. पातळ चिंधी टोंकापर्यंत स्वच्छ कापली गेली, तरच पैसे द्यावे. अशा कातरीला कागद मात्र दाखवूं नये; पण घरांतल्या मुलांना हें कोण सांगणार!