चुकत बोला, पण बोला

मराठी माध्यमातून आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना विद्यापीठात इंग्रजी पुस्तक समजतं, पेपरही सुटतो. पण चर्चेत मत मांडायची वेळ आली की गाडी अडते. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये एका आराखड्यात भाषा येण्याचे सहा स्तर मांडले. त्यातला चौथा, बी-टू, नेमका इथे उपयोगी पडतो. चालू विषयावर बाजू मांडणं, पर्यायांचे फायदे-तोटे सांगणं, समोरच्याला उत्तर देत बोलणं पुढे नेणं, ही त्याची कसोटी. अधूनमधून होणाऱ्या चुका या स्तराच्या वर्णनात गृहीतच आहेत. मग आधी व्याकरण पक्कं, नंतर बोलणं, हा हट्ट कशाला?

शंभर जणांच्या वर्गात हे कसं जमायचं, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय जोड्यांचा. एकाने मराठी वर्तमानपत्रातली एसटी भाडेवाढीची बातमी वाचून तिचा गाभा इंग्रजीत सांगायचा, दुसऱ्याने ‘का?’, ‘दुसरा मार्ग कोणता?’ असं इंग्रजीतच खोदून विचारायचं. एकाच वेळी पन्नास जण बोलतात. ठळक चुका शिक्षकांनी नंतर फळ्यावर घ्याव्यात. मराठी आणली तर इंग्रजी कच्चं राहील, असं काहींना वाटतं. पण याच आराखड्याच्या २०२० च्या पूरक खंडात एका भाषेतला आशय दुसऱ्या भाषेत पोहोचवण्याचे सविस्तर निकष आहेत. तेव्हा घरची भाषा दाराबाहेर ठेवण्याचं कारण नाही. तिच्यातला विषय घेऊन रोज इंग्रजीत बोलण्याची सवय मात्र हवी.